बँड वाजू द्या, फ्लेक्स नको : दीक्षा सोहळा समितीला खुलं पत्र

प्रति,
प्रमुख धर्मगुरू, पालकीय परिषद आणि दीक्षा सोहळा समितीचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावचा डीकन, म्हणजे धर्मगुरुपदाच्या आधीच्या पायरीवरचा मुलगा, आता दीक्षा घेऊन धर्मगुरू होणार. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाल्यावर समितीने वाटलेला त्याच्या सोहळ्याचा कच्चा कार्यक्रम मी घरी नेऊन निवांत वाचला. नाक्यापासून चर्चपर्यंत फ्लेक्स, उघडी जीप, बँड, फटाके, मंडपात वेगळं स्टेज, स्टेजवर बसणाऱ्यांची नावं, ‘सत्कार व मनोगते’ दीड तास, मग जेवण. सगळं बारकाईने लिहिलंय, पाण्याच्या बाटल्या कुठून आणायच्या तेही. आणि मधेच एक ओळ : ‘सायं. ५ वा. दीक्षाविधी’. ज्याच्यासाठी एवढा घाट घातलाय त्याबद्दल कागदावर तेवढंच आहे, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आधीच सांगते, सोहळाच नको म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. ‘चहा-बिस्किटांवर भागवा’ असा सल्ला देणारे आपल्यात आहेत, आणि बहुधा स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांनीच दोन-दोन मंडप घातलेले असतात. बँड वाजलाच पाहिजे. सणाला आपली माणसं बँडमागून चालत चर्चला जातात, म्हाताऱ्या बायका लाल लुगडी नेसून निघतात, त्या दिवशी तर गाव आपला मुलगा देणार आहे. जेवणही पोटभर होऊ द्या. केळीची पानं कमी पडली तर आमच्या वाडीतून कापून न्या, विचारायचीही गरज नाही.

आनंदाला कारण आहे. आपल्या वसई भागातली सांडोर, आगाशी, नंदाखाल इथली चर्च सोळाव्या शतकात उभी राहिली. वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला तो १९९८ मध्ये. इतक्या जुन्या मुलखात माझ्या लहानपणी बऱ्याच घरांत एखादा फादर नाहीतर सिस्टर असायची. पाचसहा भावंडांतलं एक देवाला दिलं तरी वाडी कसायला हात उरायचे. आता घरात एक नाहीतर दोन मुलं. एक कॅनडाला, एक आखातात, आणि वाडीच्या जागी इमारत. अशा काळात कुणाचा मुलगा धर्मगुरू व्हायला ‘मला सेमिनरीत जायचंय’ म्हणाला, तर आईबापांच्या पोटात पहिल्यांदा गोळाच येतो. आपल्या डीकनच्या घरीही आला होता. ते मी पाहिलंय, म्हणून मला त्या दिवसाचं मोल कळतं.

आता त्या एका ओळीकडे येते.

दीक्षाविधी म्हणजे मिस्सातला जरा लांबलेला भाग, तेवढ्यात बाहेर जाऊन मंडपातल्या खुर्च्या बघून येऊ, असं आपल्यातल्या बऱ्याच पुरुषमंडळींना वाटतं. (बायका बसतात. निदान पंखा आहे म्हणून तरी.) पण तो विधी नीट ऐकला तर त्यात आपलं काम सुरुवातीलाच येतं. शुभवर्तमानाचं वाचन झालं की डीकनला पुकारलं जातं. तो उठून म्हणतो, ‘मी हजर आहे.’ मग बिशप विचारतात, हा लायक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? जबाबदार धर्मगुरू उत्तर देतात, की ख्रिस्ती लोकांकडे चौकशी केली, जबाबदार व्यक्तींनी शिफारस केली, त्यावरून तो लायक ठरला आहे, अशी मी साक्ष देतो. यातले ख्रिस्ती लोक म्हणजे तुम्ही-आम्ही. आपल्या नावावर साक्ष दिली जाते आणि त्या वेळी आपण कार पार्किंगच्या व्यवस्थेत असतो.

लग्नाआधी नावं पुकारतात तसं त्याचं नाव चर्चमध्ये वाचून झालं. किती जणांनी ऐकलं? नोटिसा सुरू झाल्या की निम्मं चर्च बाहेर चपला शोधत असतं. खरं तर चर्चच्या कायदासंहितेतला १०४३ वा नियम सरळ सांगतो, की दीक्षेच्या आड येणारी एखादी बाब माहीत असेल तर ती दीक्षेआधीच बिशपांना किंवा प्रमुख धर्मगुरूंना कळवणं हे श्रद्धावंतांचं कर्तव्य आहे. आपल्या डीकनबद्दल मला काडीचीही शंका नाही. पहिल्या कम्युनियनच्या वर्गात मीच त्याला शिकवलंय, आणि तेव्हाही तो खोटं बोलायला लागला की कान लाल व्हायचे. मुद्दा त्याचा नाही. गेल्या काही दशकांत जगभरच्या चर्चला मान खाली घालायला लावणारी जी प्रकरणं निघाली, त्यांत ‘आम्हाला आधीच वाटत होतं’ म्हणणारे नंतर बरेच भेटले. आधी बोलायची जागा चर्चने आपल्याला दिलेली आहे. ती जागा काय आहे, हे छोट्या ख्रिस्ती समूहांच्या बैठकांतून एकदा तरी समजावून सांगा. दीक्षा होईपर्यंत वेळ आहे.

साक्ष झाल्यावर बिशप जाहीर करतात, की आम्ही आमच्या या बंधूची धर्मगुरुपदासाठी निवड करतो. त्यावर लोकांनी संमती द्यायची असते; आपल्याकडे टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या अभिनंदनाच्या नसतात हो. तो आपला होकार असतो. पुढे हाच माणूस आपल्याला पापक्षमा देणार, आपल्या म्हाताऱ्यांना शेवटचं तेल लावणार, त्याला आपण हो म्हणतो. म्हणून माझी मागणी आहे, की सूत्रसंचालन करणाऱ्याने तिथे ‘जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या’ असं म्हणू नये. म्हणतात, मी ऐकलंय.

मग तो बिशपांच्या हातात हात देऊन त्यांना आणि त्यांच्यानंतर येणाऱ्यांना आज्ञाधारक राहण्याचं वचन देतो, आणि वेदीपुढे पालथा पडतो. पांढऱ्या झग्यातला एक तरणाबांड मुलगा फरशीवर नाक टेकून पडलेला, आणि वर संतांची लितानी, म्हणजे एकेका संताचं नाव घेऊन करायची प्रार्थना, चाललेली : आम्हांसाठी विनंती कर, आम्हांसाठी विनंती कर. फरशी थंड असते, उठताना कपाळावर तिचा ठसा उमटलेला असतो. त्याची आई पहिल्या बाकावर. या घटकेला मी आजवर एकही आई कोरड्या डोळ्यांची पाहिलेली नाही. कारण पालथा पडलेला पोरगा आणखी कशासारखा दिसतो, ते तिला कुणी सांगावं लागत नाही.

त्या लितानीत संत गोन्सालो गार्सियांचं नाव असावं अशी गायकवृंदाला विनंती करते. वसईत जन्मलेला हा माणूस जपानात २५ सोबत्यांसह ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मेला, १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. भारताचा पहिला संत. आणि तो धर्मगुरू कधीच झाला नाही. फ्रान्सिस्कन संघातला साधा ब्रदर होता. हे मी उगाच आठवण करून देत नाही, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

लितानीनंतर दीक्षेचा गाभा येतो. डीकन गुडघे टेकतो, बिशप त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्यामागून हजर असलेले सगळे धर्मगुरू एकेक करून हात ठेवून जातात, तेही मुकाट्याने. प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली ही कृती आहे. माझ्या माहितीतल्या सगळ्या विधींत एवढा वेळ पूर्ण शांतता दुसरीकडे कुठे नाही. आणि अलीकडे नेमकं इथेच काय होतं? ड्रोन घोंघावतो. व्हिडिओवाला बाकावर चढून मामांना ‘थोडं बाजूला’ म्हणतो. माइकवरून कुणीतरी समजावत असतं, ‘आता धर्मगुरू हस्तारोपण करीत आहेत.’ दिसतंय की आम्हाला! समजावायचं असेल ते सगळं आदल्या आठवड्यात समजावा, छोटी पुस्तिका छापा. ड्रोन चर्चच्या आवारात नको, फोटोग्राफर दोनच आणि दोघेही एका जागी, आणि त्या वेळात माइक बंद. मोबाइल उंचावून उभे राहणाऱ्या नातेवाइकांना समितीने अगोदर सांगावं. माझी भाची त्यांत पहिली असेल, तिला मी सांगते.

पुढे पवित्र तेलाने तळहात माखले जातात, कालीस म्हणजे मिस्साचा प्याला आणि थाळी हातात दिली जाते. तेल पुसलेलं कापड आईला द्यायची जुनी रीत आहे. ती मेली की ते कापड तिच्या हातात ठेवून तिला पुरतात, म्हणजे वर गेल्यावर तिने दाखवावं, की माझा मुलगा धर्मगुरू होता. आपल्या डीकनच्या आईला हे कुणीतरी सांगितलं. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘म्हणजे ते कापड धुवायचं नाही ना?’ एवढं बोलून पुन्हा शेंगा सोलायला लागली. तुमच्या यादीत या बाईचं नाव मी शोधलं. ‘मातापित्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार (५ मिनिटे)’ असं आहे, तेही आमदारांच्या मनोगतानंतर.

इथून स्टेजचा विषय निघतो. राजकारणी मंडळींनी जरूर यावं, मिस्साला बसावं, जेवून जावं. आपल्या गावची हिंदू, मुसलमान शेजारीपाजारी मंडळी येतील तशीच तीही पाहुणी. पण त्यांना स्टेजवर बसवून, हार घालून, माइक हातात देऊन नवदीक्षित फादरांना शेजारी उभं करायचं, याची गरज काय? धर्मगुरूने लोकांच्या प्रश्नांत पडू नये असं माझं म्हणणं नाही; उलट फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी सत्ताधाऱ्यांशी कसा उभा दावा मांडला ते आपण पाहिलंय. नंदाखालच्या याच मातीतला हा माणूस २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्यांना कुणी दबून राहायला लावू शकलं नाही, कारण ते कुणाच्या उपकारात नव्हते. आपल्या पोराला पहिल्याच दिवशी कुणाच्या उपकारात उभं करू नका.

फ्लेक्सचंही तेच. नाक्यावर त्याचा एक फोटो आणि खाली शुभेच्छुकांचे तेरा फोटो, त्यांतले काही त्याच्यापेक्षा मोठे. बेकायदा फलक हटवा असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना २०१७ मध्येच दिलेत. आपण परवानगी काढणार आहोत का, की ‘धार्मिक कार्यक्रम आहे, चालतं’? चर्चच्या फाटकावर एक कापडी फलक लावा, शाळेतली मुलं रंगवतील. फटाके नकोत. आणि रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद म्हणजे बंद. चर्चसमोरच्या इमारतीत सगळीच आपली माणसं राहतात असं नाही, आणि आपली राहात असती तरी.

आता गाडी. ‘गावातर्फे नवीन फादरांना चारचाकी भेट’ हा प्रस्ताव परिषदेत आलाय असं ऐकते. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचं व्रत घेत नाही, ते धर्मसंघांतले फादर घेतात. त्यामुळे गाडी घेणं नियमाबाहेर नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याच कायदासंहितेतला २८२ वा नियम धर्मगुरूंना साधं राहायला आणि बडेजावाचा वास येईल असं काही टाळायला सांगतो. त्याचं घर तरी बघा. बाप अजून सकाळी भाजीचा भारा बाजारात नेतो. दीक्षेनंतर पहिली नेमणूक कुठेही होऊ शकते. आपला धर्मप्रांत वसईच्या किनाऱ्यापुरता नाही, डहाणू, तलासरी, जव्हारच्या डोंगरपट्ट्यापर्यंत पसरलाय. तिकडच्या वारली पाड्यात हा गावाने दिलेल्या चकचकीत गाडीतून उतरला, तर तिथल्या माणसाला त्याच्याशी बोलायला किती दिवस लागतील, याचा हिशेब कोण करणार? गाडी लागणार असेल तर जिथे नेमणूक होईल तिथल्या केंद्राला लागेल, तेव्हा त्या केंद्राच्या नावे द्या. तोवर वर्गणी बँकेत राहू दे.

पाकिटांबद्दल बोलायला मला संकोच वाटतो, पण बोलते. पहिल्या मिस्सानंतर रांग लागते, प्रत्येक जण हात हातात घेतो आणि पाकीट सरकवतो. प्रेमाने देतात, त्याबद्दल वाद नाही. पण गेल्या काही वर्षांत कोण किती देतो यावर ओटीवर चर्चा व्हायला लागली आहे, आणि ज्यांच्याकडे द्यायला नाही त्या बायका रांगेत मागे सरकतात. नव्या धर्मगुरूचा पहिला आशीर्वाद घ्यायला त्यांनी मागे का सरकावं? एक पेटी ठेवा, ज्याला टाकायचं तो टाकेल, रांग मोकळी राहील.

आता गोन्सालो गार्सियांचा संबंध. ज्या वर्षी आपला डीकन दीक्षा घेतोय, त्याच वर्षी आपल्याच गावातल्या एका मुलीने सिस्टर म्हणून कायमची व्रतं घेतली. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन, तिन्ही. बँड नव्हता. फ्लेक्स नव्हता, त्याचं मला दुःख नाही. पण मिस्सात नोटिसांच्या वेळी दोन वाक्यांत तिचं नाव आलं, आणि तेव्हा निम्मं चर्च कुठे असतं ते मी वर लिहिलंच आहे. तिच्या आईबापांनी घरी शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. परिषदेतलं कुणी आलं नव्हतं. ती सध्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात आहे, पहाटे पाचला उठते, पगार संघाच्या खात्यात जातो. आपण ज्याला संत म्हणून मान देतो, ज्याच्या नावाने गासला चर्च आहे, तोही वेदीवर कधी मिस्सा न केलेला ब्रदरच होता. मग आपल्या डोळ्यांना फक्त फादरची कॉलरच का दिसते? त्या सिस्टरला आणि याआधी गावातून गेलेल्या सगळ्या सिस्टरांना, ब्रदरांना सोहळ्याला बोलवा. मिरवणुकीत पुढे चालू द्या. शक्य होईल तेवढ्याच येतील, त्यांना सुट्टी मागावी लागते. स्टेजवरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्यात असं समजून चाललं, तर जागेचा प्रश्न नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच सांगून ठेवलंय, की पाचारणाची, म्हणजे देवाच्या सेवेला येणाऱ्या हाकेची, जोपासना साऱ्या ख्रिस्ती समाजाची जबाबदारी आहे, आणि कुटुंब ही पहिली सेमिनरी. आपण काय करतो? दुसऱ्याच्या मुलाची मिरवणूक काढतो आणि घरी गेल्यावर आपल्या मुलाला म्हणतो, ‘तू आधी इंजिनिअरिंग पूर्ण कर.’ यावर समितीला काही करता येणार नाही, हे मला कळतं. पण एक करता येईल. डीकनच्या आईवडिलांना पुढच्या काही वर्षांत लागेल ती मदत कोण करणार, हे आत्ताच ठरवा. मोठी बहीण परदेशात. मुलगा धर्मप्रांताचा. म्हातारपणी दवाखान्यात कोण नेणार, वाडीतलं पाणी कोण बघणार, बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) बांधाची डागडुजी कोण करणार? गावाने त्यांच्याकडून मुलगा घेतला आहे, तर हे गावाचं देणं आहे. शालीपेक्षा हे लिहून दिलेलं बरं, आणि माझ्या मते परिषदेच्या ठरावात लिहून दिलेलं बरं, कारण दर तीन वर्षांनी परिषद बदलते आणि नव्या माणसांना जुनी आश्वासनं आठवत नाहीत.

आणि त्याचं स्वतःचं? सोमवारी मंडप सुटेल. तो एखाद्या पॅरिश हाऊसमध्ये सहाय्यक म्हणून रुजू होईल. रात्रीचं जेवण बऱ्याचदा एकट्याने, फोनवर वाढदिवस. गावातल्या माणसांनी वर्षभर नुसतं ‘आमचे फादर’ म्हणून लग्नाच्या मिस्साला त्याला ओढू नये. मधूनमधून कामाशिवाय भेटायला जावं, घरून काही रांधून न्यावं. तो सुरणाची भाजी आवडीने खातो. चुकलं तर त्याला तोंडावर सांगावं, मागे नको. हे काही समितीच्या कागदात लिहिण्यासारखं नाही, तरी लिहिते.

समितीची बैठक गुरुवारी आहे आणि पत्रिका शनिवारी छपाईला जाणार असं कळलं. त्याआधी वरच्या गोष्टींवर बोलणं व्हावं. निदान एवढं तरी व्हावं : दीक्षाविधीच्या ओळीखाली विधीचे टप्पे छापा, मनोगतं तीनच ठेवा आणि त्यांतलं पहिलं आईचं असू द्या, तिला बोलायचं नसेल तर ती नुसती उभी राहील. मी बैठकीला येणार आहे. लितानीचा सराव छोट्या समूहांकडून करून घ्यायचा असेल तर बुधवारी संध्याकाळी शाळेचा हॉल मोकळा असतो, चावी माझ्याकडेच आहे.

आपली नम्र,
धर्मशिक्षणवर्गाची जुनी बाई